पात्र बदलावे, पाणी सांडू नये

19 फेब्रुवारी 2008 रोजी जपानच्या तोशिबा कंपनीने ‘एचडी डीव्हीडी’ या तबकडीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा ती तबकडी बाजारात येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ‘ब्लू-रे’ ही प्रतिस्पर्धी तबकडी जिंकली आणि ज्यांनी हौसेने पहिलीवरील चित्रपट जमविले होते, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : चित्रपट हाती आहे, पण उद्या तो दाखविणारे यंत्र कोठून आणावयाचे?

वस्तुतः या दोन तबकड्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. दोन्ही 405 नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या लेसर किरणानेच वाचल्या जातात. चित्र संक्षिप्त करण्याच्या पद्धतीही दोहोंत त्याच. मात्र पहिलीत माहितीचा थर पृष्ठभागाखाली 0.6 मिलिमीटरवर, तर दुसरीत 0.1 मिलिमीटरवर. एवढ्या अंतरामुळे एकीचे यंत्र दुसरीला परके झाले. परंतु संक्षेपाची पद्धत एकच असल्याने चित्राला धक्का न लावता केवळ त्याचे वेष्टन बदलून ते नव्या तबकडीवर नेता येते. याउलट, जागा वाचविण्यासाठी चित्र पुन्हा संक्षिप्त केले, की त्यातील तपशील कायमचा झिजतो.

हा दूरदेशीच्या श्रीमंत हौशींचा प्रश्न आहे, असे मानण्याचे कारण नाही. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील घराघरांतून 1980 आणि 1990 च्या दशकांतील लग्नांच्या व शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या व्हिडिओ कॅसेट पडून असतील. त्या लावण्याची यंत्रे बनविणाऱ्या फुनाई या शेवटच्या मोठ्या कंपनीनेही 2016 च्या जुलैत उत्पादन थांबविले. दमट हवेत फितीला बुरशी लागते, चुंबकीय ठसा क्षीण होतो. अशा वेळी स्वस्तात सीडी करून घ्यावयाची आणि मूळ कॅसेट भंगारात द्यावयाची, हा व्यवहार आतबट्ट्याचा होय.

मूळ वस्तूचे मोल वर्धेकरांना तरी सांगावयास नको. गांधीजींच्या 150 व्या जयंतीच्या सुमारास, 2019 मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने त्यांच्या चित्रणाची 30 रिळे हाती आल्याचे जाहीर केले. त्यांत सेवाग्राम आश्रमातील कस्तुरबांची दृश्येही आहेत. कस्तुरबा 1944 मध्ये निवर्तल्या. तरी त्या आज चालता-बोलता दिसतात, याचे कारण कोणीतरी ती रिळे फेकून दिली नाहीत. शिवाय सेल्युलॉइडवरील चित्र प्रकाश आणि भिंग एवढ्यावर दिसू शकते. तबकडी आणि कॅसेट यांचे तसे नाही. त्यांचे यंत्र गेले, की त्या मुक्या होतात.

म्हणून घाई हवी ती यंत्र जिवंत आहे तोवर. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा विनानफा सार्वजनिक ग्रंथालयास स्वतःजवळील कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देतो. जिल्ह्यातील एखाद्या ग्रंथालयाने वा महाविद्यालयाने चालू स्थितीतील एक व्हीसीआर, एक संगणक आणि चार शिकविलेले विद्यार्थी एवढी सिद्धता केली, तर संस्थांचाच नव्हे, घरगुती ठेवाही वाचेल. पथ्ये तीनच : पहिली प्रत शक्य तितकी निर्दोष असावी, दुसरी वेगळ्या जागी ठेवावी आणि मूळ वस्तू टाकू नये. हे काम दहा वर्षांनी पुन्हा करावे लागेल, हेही आताच ध्यानात घेतलेले बरे. कारण आजचे नवे पात्रही उद्या जुनेच ठरणार आहे.