दर वेळी तसाच माल! कारंज्याच्या कापूस बाजाराचा धडा तुमच्या छोट्या उद्योगासाठी



स्टँडर्डायझेशन, म्हणजे प्रमाणीकरण, म्हटलं की अनेकांना वाटतं, हे मोठ्या कंपन्यांचं काम. आपली मिनी दालमिल, आपला हळद-मिरचीचा गृहउद्योग, आपल्याला काय करायचंय? पण हा धडा आपल्या वाशिम जिल्ह्याने फार आधी गिरवलाय.

कारंज्यात काय झालं?

दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे थेट इंग्लंडला जायचा. लिव्हरपूलच्या बाजारात त्याला नावही होतं, 'ऊमरा'. हे उमरावती, म्हणजे अमरावतीवरून पडलेलं. पण कापसात भेसळ इतकी व्हायची की ती रोखायला मुंबई इलाख्यात १८६३ साली वेगळा कायदाच करावा लागला.

पुढे १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने अशा बाजारांवर समितीची देखरेख आणली. यात इंग्रजांना काळजी होती ती त्यांच्या गिरण्यांची, हे खरं. पण मुद्दा आपल्या कामाचा आहे: दूरचा ग्राहक तुम्हाला ओळखत नाही, तो तुमच्या मापाला ओळखतो.

माप म्हणजे पैसा

आता सोयाबीनचं बघा. हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. १५ टक्के ओलावा असलेलं १०० क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर वाळवलं, तर उरतं सुमारे ९६.६ क्विंटल. म्हणजे ३.४ क्विंटल पाणीच होतं! हा हिशेब व्यापारी करतोच. तुम्ही करता का?

तुमच्या उद्योगात चार गोष्टी ठरवा

१. नमुना. सगळ्यात चांगल्या बॅचची दोन पाकिटं सीलबंद करून ठेवा. नवीन बॅच त्याच्या शेजारी ठेवून रंग, वास, दाणा बघा. हळदीचा रंग उडतो, म्हणून ठरावीक काळाने नमुना बदला.

२. कृती. 'अंदाजे' हा शब्द कारखान्यातून हद्दपार करा. हळद किती वेळ शिजवली, किती दिवस वाळवली, दळल्यावर कोणत्या नंबरच्या चाळणीतून काढली, हे एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. तुम्ही लग्नाला गेलात तरी माल तसाच निघाला पाहिजे.

३. वजन. ५०० ग्रॅमच्या पाकिटात दर वेळी १० ग्रॅम जास्त गेले, तर १,००० पाकिटांमागे १० किलो माल फुकट वाटला. सतत कमी गेले तर वैधमापन विभागाची कारवाई, वर गिऱ्हाईक तुटतं ते वेगळंच. काटा पडताळून, शिक्का मारून घेतलेला हवा.

४. पाकीट. हळद, मिरची, धने, मसाला, प्रत्येकाला वेगळ्या मापाचं छापील पाउच कशाला? वजनाप्रमाणे दोनच मापांची साधी पाउच घ्या, लेबल फक्त बदला. एकाच मापाची ऑर्डर मोठी झाली की भाव करायला जागा मिळते, आणि न खपलेली छापील पाउच घरात पडून राहत नाहीत. लेबलवर बॅच नंबर टाकायचाच. तक्रार आली तर नेमका कोणता माल परत बोलवायचा, ते त्यावरूनच कळतं.

चव मरणार नाही का?

हा प्रश्न हमखास येतो. नाही मरणार! तुमच्या आईच्या हातची चव हेच तुमचं स्टँडर्ड. पण ती फक्त आईच्या हातात राहिली, तर धंदा तिच्या तब्येतीवर चालणार. कागदावर आली, तर उद्या चार बाया कामाला लावता येतील.

पहिली ऑर्डर ओळखीवर मिळते मित्रांनो, दुसरी ऑर्डर मिळते ती माल पहिल्यासारखाच निघाला म्हणून.

तर या आठवड्यात एकच काम करा: भिंतीवरचा तो कागद लिहा. तुमचा माल कोणता, आणि दर बॅचला नेमकं काय बदलतं, ते कमेंटमध्ये सांगा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!