पोटाचा घेर आणि त्याच्या आतली चरबी

कमरेचा घेर मोजणे दिसते तितके सोपे नाही, आणि पोटावरची चरबी कमी करू पाहणाऱ्यांची दिशाभूल अनेकदा याच पहिल्या पायरीवर होते. टेप सहसा पँटच्या पट्ट्याच्या जागी, म्हणजे सुटलेल्या पोटाच्या खाली गुंडाळली जाते, त्यामुळे घेर बराच वाढलेल्या माणसालाही समाधान देणारा आकडा हाती येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली जागा त्याहून वर आहे. बाजूने चाचपल्यावर हाताला लागणारी शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर टेप यावी लागते. ती जमिनीला समांतर आणि त्वचेत न रुतता टेकलेली असावी, हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले असावेत आणि आकडा सहज श्वास सोडून झाल्यावर वाचावा, कारण माप घेताना पोट आत ओढण्याचा मोह बहुतेकांना नकळत होतो. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर यांच्या पुढचा घेर पोटाच्या स्थूलतेत गणला जातो. देशभर झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या पाहणीत 39.5 टक्के प्रौढांमध्ये अशी स्थूलता आढळली.

पुरुषांसाठीची ही मर्यादा युरोपीय माणसापेक्षा कमी का ठेवावी लागते, याचा उलगडा करण्यात पुण्यातील संशोधनाचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो होते. मात्र पुण्याच्या बाळांमध्ये ही तूट मुख्यतः स्नायूंमध्ये आणि पोटातील अवयवांमध्ये दिसली, चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला कृश, परंतु घडणीने चरबीयुक्त असे शरीर जन्मापासूनच आढळते. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाट्याने निर्धास्त केलेल्या सडपातळ मराठी माणसाने हा दाखला विशेष लक्षात ठेवावा.

टेपच्या आत दोन वेगळ्या चरबी असतात. एक त्वचेखालची, जी चिमटीत धरता येते. दुसरी स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि त्यांच्यावर पडद्यासारख्या पसरलेल्या वपाजालात साठते, आणि तिला अंतर्गत चरबी म्हणतात. चिमटीत फारसे काही न येता ताठ पुढे आलेले पोट बहुधा या दुसऱ्या प्रकाराचे असते. आतड्यांभोवतीच्या या चरबीतून सुटणारी मेदाम्ले प्रतिहारी शिरेवाटे थेट यकृतात पोहोचतात, तेथे मेद साचू लागतो आणि रक्तातील साखर पेशींमध्ये पोहोचवणाऱ्या इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी पोटाच्या घेराचे जे नाते आढळते, त्यामागे मुख्यतः ही आतली चरबी आहे. चरकसंहितेतही मेदोवह स्रोतसाचे, म्हणजे मेद वाहणाऱ्या मार्गाचे, एक मूळ वपावहन या पोटातल्याच भागात सांगितलेले आहे, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी वाटते.

चरबी शरीरातून जाते कशी, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. मेदपेशीत ती ट्रायग्लिसराइड या रूपात साठलेली असते. खाण्यातून मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमी पडली आणि रक्तातील इन्शुलिन उतरले की तिचे विघटन होऊन मेदाम्ले रक्तात येतात, स्नायूंसारख्या ऊतींत जळतात आणि त्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलेल्या हिशोबानुसार 10 किलो चरबी पूर्ण जळली, तर तिच्यातील 8.4 किलो भाग श्वासावाटे आणि 1.6 किलो पाण्याच्या रूपात बाहेर पडतो. पोटाला घट्ट पट्टा बांधून गाळलेला घाम म्हणूनच केवळ पाण्याचा असतो, आणि ते पाणी प्यायल्यावर परत येते.

या विघटनाचा हुकूम संप्रेरके देतात आणि तो रक्तावाटे साऱ्या शरीराला पोहोचतो, त्यामुळे पोटाचे स्नायू कितीही आवळले तरी त्यांच्यावरची चरबी खास त्यांच्यासाठी सुटत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा आठवडे केवळ पोटाचे व्यायाम केलेल्यांच्या पोटावरची चरबी घटली नाही, स्नायूंची चिवटता तेवढी वाढली. त्यातही त्वचेखालच्या मेदपेशींवर विघटन रोखणारे ग्राहक, म्हणजे अल्फा-2 प्रकारचे संवेदनबिंदू, तुलनेने अधिक असतात, तर आतली चरबी या हुकमाला लवकर दाद देते. हट्टी म्हणून जिला दूषण दिले जाते ती बाहेरची चरबी कमी घातक, आणि अधिक घातक असलेली आतली चरबी आधी ओसरते, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. यकृताला लाभ होऊ लागला असता आरसा मात्र जुनेच पोट दाखवत राहतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर असंख्य माणसे निराश होऊन प्रयत्न सोडतात, ही अतिशय खेदाची बाब आहे. याची उलट बाजू 2004 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसली. शस्त्रक्रियेने पोटाच्या त्वचेखालची सुमारे 10 किलो चरबी शोषून काढल्यावरही स्थूल स्त्रियांच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव सुधारला नाही.

स्वयंपाकघरात ऊर्जेच्या तुटीची सुरुवात तेलापासून करणे सोयीचे ठरते, कारण ते मोजता येते. चार माणसांच्या घरात महिन्याला 4 किलो तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाकाठी सुमारे 33 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 300 किलोकॅलरी, केवळ फोडणी आणि तळण यांतून येतात. फोडणीची पळी लहान केली, चहाबरोबरची खारी आणि संध्याकाळचे फरसाण सोडले, तर भाकरी कमी न करताही मोठी बचत होते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी मात्र या बाबतीत सर्वाधिक फसवी आहे, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि दाण्याच्या कुटाचा सुमारे अर्धा भाग तेलाचा असतो. वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिनांची जोड लागते. 50 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून सुमारे 12 ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि मराठी ताटात उसळ, ताक, पिठले यांची जागा पूर्वीपासून आहेच, ती फक्त भातापेक्षा मोठी करावी लागते.

व्यायामात मोठ्या स्नायूंना काम देणे महत्त्वाचे असते. तालमीतल्या बैठका मांड्या आणि नितंब यांचे, म्हणजे शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंचे काम करून घेतात, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा हिरिरीने प्रसार केला त्या सूर्यनमस्कारांत सारे शरीर गुंतते. त्यांच्या जोडीला आठवड्यातून किमान 150 मिनिटे दम लागेल अशा वेगाने चालावे. नियमित चालण्याने वजन फारसे न उतरताही आतली चरबी घटू शकते. झोपेचा हिशोब सहसा कोणी ठेवत नाही, परंतु 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मेयो क्लिनिकच्या एका छोट्या प्रयोगात दोन आठवडे रात्री चारच तास झोपू दिलेल्या निरोगी माणसांची अंतर्गत चरबी सुमारे 11 टक्क्यांनी वाढली.

मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी आहार घटवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते, कारण साखर धोकादायकपणे उतरू शकते. पोट अचानक फुगले असेल किंवा पायांवर सूज असेल, तर ती चरबी नसून पोटात साठलेले पाणी असू शकते, आणि तेथे व्यायामाने वेळ दवडू नये.

काही महिन्यांनी टेपवरचा आकडा थांबतो. हलक्या झालेल्या शरीराला मुळातच कमी ऊर्जा लागते, शिवाय माणूस नकळत हालचालही कमी करतो, त्यामुळे आरंभी पुरेशी असलेली तूट आपोआप भरून निघते. अशा वेळी उपाशी राहण्यापेक्षा जेवणातील भाताची एक मूद कमी करणे, बैठकांची संख्या वाढवणे किंवा हाती वजन घेणे उपयोगी पडते, आणि घेर महिन्यातून एकदाच, सकाळी काही खाण्यापूर्वी, त्याच खुणेवर मोजला म्हणजे रोजच्या फुगवट्याचा चढउतार त्यात मिसळत नाही.