तोल, चाक आणि पहिली विजेची गाडी

आपल्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर नजर टाकली म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्या दरवर्षी थोड्याथोड्या वाढताना दिसतात. पेट्रोलचा खर्च नाही, गिअर नाही, किक मारण्याची खटपट नाही; त्यामुळे 'शिकायला अगदी सोपी' अशी त्यांची ख्याती झाली आहे. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु गाडी चालवायला सोपी असणे आणि तिच्यावर तोल राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याचा तोल मुळात कच्चा आहे त्याने पहिली गाडी घेताना हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर पैसाही जातो आणि धीरही खचतो.

हा विषय मी निवडला त्याला घरचे कारण आहे. अहमदपूरहून शिरूर ताजबंदला जाणाऱ्या रस्त्यापासून आत आमचे गाव. सडकेपर्यंत पायी यायचे, मग एस.टी. मिळो की जीप मिळो, तिने कॉलेज गाठायचे. सकाळचे तास साधतात. दुपारनंतर ग्रंथालयात बसायचे म्हटले की परतीच्या गाडीची धास्ती. यंदा सोयाबीनचे पैसे हाती आले म्हणजे एक गाडी घ्यावी असे वडिलांनी ठरवले आहे. ती मी चालवायची, आणि माझ्यामागून अकरावीतल्या धाकट्या बहिणीने. गाडी एकच येणार. ती जमली नाही म्हणून दुसरी घेण्याची ऐपत आमची नाही. आणि माझी तर सायकलशीही कधी गट्टी जमली नाही. गावातली मुले मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून कैची मारीत रस्ताभर फिरत, तेव्हा मी बांधावरून पाहत बसे.

दिवाळीला पुण्याहून चुलतभाऊ आला. त्याने मोबाइलवर एक नवलाचे वाहन दाखवले. एकच चाक, त्याच्या दोन्ही अंगांना पाय ठेवायला दोन पट्ट्या, ना हँडल, ना सीट. माणूस त्यावर उभा राहतो आणि वाऱ्यासारखा निघून जातो. "ताई, हे यंत्र आपला तोल आपण सांभाळते. तुझ्यासाठीच काढलंय बघ," असे तो म्हणाला. आमच्या पिढीला एकचाकी म्हणजे सर्कशीतली कसरत एवढेच ठाऊक. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस उभी केली तेव्हापासून मराठी माणसाला तोलाच्या कसरतींचे वेड आहे. पण ती पाहण्याचे, करण्याचे नव्हे! तरीही भावाचे बोलणे मनात राहिले आणि मी या यंत्राची माहिती मिळवू लागले.

शेन चेन या अमेरिकेतील संशोधकाने २०११ च्या सुमारास 'सोलोव्हील' नावाचे असे यंत्र बाजारात आणले. चाकाच्या मध्यभागीच मोटर असते. आत जायरोस्कोप आणि वेगवाढ मोजणारे बारीक सेन्सर असतात. यंत्र पुढे कलले की मागे, हे ते सेकंदाला शेकडो वेळा पाहतात. स्वार पुढे झुकला की मोटर चाकाला पुढे पळवते आणि चाक पुन्हा त्याच्या पायांखाली येते. मागे झुकला की चाक मंदावते. तळहातावर काठी उभी धरणारा मुलगा काठी जिकडे कलेल तिकडे हात नेतो, तोच हा प्रकार. फक्त हाताची जागा मोटरने घेतली आहे.

आता मर्म पाहा. यंत्र सांभाळते तो तोल केवळ पुढचा-मागचा. डावीकडे-उजवीकडे पडण्यापासून ते स्वाराला मुळीच वाचवीत नाही. ते काम स्वारानेच करायचे. कंबर आणि पाय वळवून चाक पडत्या बाजूला न्यायचे. सायकलवर पुढचा-मागचा तोल दोन चाकांमुळे फुकटच मिळतो, आणि बाजूचा आपल्याला सांभाळावा लागतो. म्हणजे माझ्यासारखीची जी अडचण, बाजूला कलंडण्याची, ती एकचाकीवर जशीच्या तशी उरते. वर आधाराला हँडल नाही, दाबायला ब्रेक नाही आणि बसायला सीट नाही. 'आपला तोल आपण सांभाळते' हे वाक्य खोटे नाही, अर्धे आहे.

तरीही एखाद्या शहरवासी वाचकाला तेच घ्यायचे असेल, तर नवशिक्याने काय पाहावे हेही सांगते. चाक फार लहान नसावे. १४ इंची चाक चपळ असते पण प्रत्येक खड्डा पायाला कळवते. १६ इंची चाक आणि जरा रुंद टायर नवख्याला अधिक समजूतदार. वजन स्वतःला उचलता येईल एवढेच असावे, कारण शिकताना ते दहादा आडवे होते आणि जिन्यावरून हातानेच न्यावे लागते. वेगाच्या आकड्याला भुलू नये, पण मोटर दुबळीही नसावी; कारण मोटरच्या ताकदीपलीकडे स्वार झुकला तर यंत्र त्याला सावरू शकत नाही आणि तो तोंडावर आपटतो. वेग वाढल्यावर शिटी वाजवणारे आणि पट्ट्या मागे कलवून स्वाराला मंदावणारे यंत्र म्हणून बरे. हेल्मेट, मनगटाची आणि नडगीची संरक्षणे हवीतच. भिंतीला किंवा कुंपणाला धरून काही दिवस शिकावे. गुळगुळीत फरशीवर हे सर्व जमेल. बालाघाटच्या चढउतारावर, काळ्या मातीचा चिखल आणि सडकेकडेची खडी असताना, आणि पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन मला ते परवडणारे नाही. भावाचा बेत मी मनातून काढून टाकला तो एवढ्यासाठी.

मग बाजूचा तोल राहतो तरी कसा? पुष्कळांची समजूत अशी, की फिरणारे चाक भोवऱ्यासारखे उभे राहते म्हणून सायकल पडत नाही. इंग्लंडमधील डेव्हिड जोन्स यांनी १९७० साली पुढच्या चाकाशेजारी उलटे फिरणारे दुसरे चाक बसवून भोवऱ्याचा हा परिणाम जवळजवळ नाहीसा केला. तरी ती सायकल चालवता आलीच. २०११ साली काही संशोधकांनी भोवऱ्याचा परिणामही नाही आणि पुढच्या चाकाची नेहमीची मागे रेलणारी ठेवणही नाही, अशी छोटी दुचाकी बनवली. ढकलून दिल्यावर तीही स्वाराविना सावरत गेली. खरी किल्ली आहे ती पडत्या बाजूला हँडल वळण्यात. गाडी डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळते, चाके शरीराखाली पुन्हा येतात आणि आपण सरळ होतो. हे प्रत्येक क्षणी चालू असते, म्हणूनच चांगल्या सायकलस्वाराच्या चाकाची ओली खूण पाहिली तर तीही सरळ नसते, नागमोडी असते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, हे सावरणे वेगावर अवलंबून आहे. गाडी चालण्याच्या गतीने चालली असता हँडल पुष्कळ वळवावे लागते. थोड्या वेगात थोडेसे वळवून भागते. भित्रा माणूस भीतीपोटी अगदी हळू चालवतो आणि त्यामुळेच अधिक डुलतो. दुसरी, हँडल घट्ट आवळून धरणाऱ्याचा तोल जातोच, कारण जे वळायला हवे तेच त्याने बांधून ठेवलेले असते.

शरीराच्या बाजूने पाहता तोलाची खबर तीन ठिकाणांहून येते. आतल्या कानातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव, डोळे, आणि स्नायू-सांध्यांची जाणीव. यांपैकी एक दुबळे असले तर उरलेली दोन सांभाळून घेतात. म्हणून शिकताना चाकाकडे न पाहता दूर पाहायचे. परंतु अंधारात चालताना झोकांड्या जात असतील, मान वळवताच घेरी येत असेल, तर तो सरावाचा प्रश्न नाही. कानाच्या डॉक्टरला दाखवावे. क्षयावर दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन काही रुग्णांच्या कानातील या यंत्रणेला कायमची इजा करते, हे आपल्याकडील जुन्या रुग्णांच्या घरी माहीत असलेले बरे. अशांसाठी मागे दोन आधारचाके जोडलेली स्कूटर हाच मार्ग. तिची नोंद आर.टी.ओ.कडे करून घ्यावी लागते, आणि ती वळणावर कलत नसल्यामुळे वळण फार हळू घ्यावे लागते.

मला घेरी येत नाही. माझा तोल कच्चा आहे तो न शिकल्यामुळे, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा गाडीआधी सायकल. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी जे पहिले दुचाकी वाहन चालवले त्याला पायडल नव्हतेच. जमिनीला पायांनी रेटा देत जायचे. मी बहिणीच्या सायकलची दोन्ही पायडले काढून घेतली, सीट अगदी खाली उतरवली आणि खळ्यावरच्या किंचित उतारावर पाय रेटत जाऊ लागले. पाय जमिनीपासून चार बोटांवर आहेत हे कळले की भीती निम्मी होते. आता पाय उचलून खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येते.

राहिली निवड. १९७२ साल या बाबतीत मोठे गमतीचे आहे. त्याच वर्षी पुण्याच्या बजाज कंपनीची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुनाही आली. चेतकचे गिअर डाव्या मुठीत आणि इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला; नवख्याला ती एका बाजूला ओढते असे वाटे. लुना हलकी, पुढून मोकळी, आणि तिला चक्क पायडल होते. शिक्षक, परिचारिका, पोस्टातल्या बाया, ज्यांनी कधी यंत्राला हात लावला नव्हता, अशा कितीतरी जणांनी पहिली गाडी म्हणून लुना घेतली. पुढे १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने गिअर काढून टाकले आणि बटणावर सुरू होण्याची सोय केली. आजच्या विजेच्या गाड्यांत कायनेटिक होंडाची सोय सर्वत्र आहे. लुनेचा हलकेपणा मात्र थोड्यांत. २०२० साली चेतक आणि २०२४ साली लुना, ही दोन्ही नावे विजेच्या रूपाने परत आली. ई-लुनाचे वजन ९६ किलो, सीट जमिनीपासून ७६० मिलिमीटर आणि चाके १६ इंची. पुष्कळ स्कूटरना १२ किंवा १० इंची चाके असतात. आमच्या रस्त्याला मोठे चाक बरे. ते खड्ड्यात शिरत नाही, त्यावरून जाते.

तरी आकडे वाचून गाडी घेऊ नये. दुकानात बसून पाहावी. रोजच्या चपलेनिशी दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. नुसती बोटे टेकली तर वाळूवर पाय सरकतो. सीट उंचीला ठीक असूनही रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय पुरत नाही. पुढचा भाग मोकळा असेल तर घाबरल्यावर सीटवरून पुढे उतरून सरळ उभे राहता येते. टाकीवाल्या मोटारसायकलवर हे शक्य नाही. गाडी बंद ठेवून थोडी डावीकडे कलवावी आणि ज्या कोनात ती हाताला जड होते तो कोन पाहून घ्यावा. बॅटरी खाली असेल तर उभ्या गाडीला धरणे सोपे जाते. चालत्या गाडीला मात्र खालचे वजन सोपे करते असे नाही. बोटावर पेन्सिल उभी राहत नाही, झाडू राहतो.

विजेच्या गाडीचा एक खोडसाळपणा नवशिक्याने जाणून असावा. पेट्रोलचे इंजिन गुरगुरते, तेव्हा गाडी चालू आहे हे कळते. विजेची गाडी चालू असून गप्प असते, आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पुरेपूर असतो. तोल गेला की मूठ आवळली जाते, आवळताना ती पिळली जाते, आणि गाडी उडी घेते. म्हणून गाडी हाताने ढकलताना चावी बंदच असावी. वेग बांधून ठेवणारा सावकाश मोड आहे का, आणि ब्रेक दाबताच मोटर तुटते का, हे विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावे. मंद गतीच्या, परवाना न लागणाऱ्या गाड्या म्हणतात त्या २५० वॅटहून कमी आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या. शिकायला त्या वाईट नाहीत, परंतु मागे बहीण बसवून आमचा चढ त्या चढतील असे मला वाटत नाही. त्यापुढच्या गाडीला नोंदणी, परवाना, विमा हे सारे आलेच.

पल्ल्याचे आकडे कंपन्या मोठे सांगतात. चढ आणि दोन माणसे धरून त्याच्या निम्म्याचा हिशोब आम्ही केला. दोन युनिटांच्या बॅटरीला भरायला फार तर अडीच युनिट वीज लागेल. गावात वीज कोणत्या वेळी टिकते हे दुकानदाराला नाही, आपल्यालाच ठाऊक असते, तेव्हा रात्रीची वेळ धरली आहे.

सोयाबीन मोंढ्यावर गेले की अहमदपुरातली आणि गरज पडली तर लातुरातली दुकाने पाहायची. बहिणीला बरोबर नेणार आहे. ती माझ्यापेक्षा दोन इंच उंच आहे आणि तिला लाल गाडी हवी आहे. रंग तिने ठरवावा. टाच माझी टेकली पाहिजे.