गाडीचा वॉटर पंप गळतोय? घरी बदलता येईल का, आणि कसा?

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी ओला डाग दिसला, तर आधी त्याला बोट लावून पाहा. डाग साध्या पाण्याचा असेल आणि आदल्या दिवशी एसी चालला असेल, तर काळजीचं कारण नाही. एसीतून पाणी ठिबकतंच. पण तो हिरवट, गुलाबी किंवा निळसर असेल आणि बोटाला किंचित तेलकट, चिकट लागत असेल, तर ते कुलंट आहे. ते जिथून गळतं त्या संशयितांत वॉटर पंपाचं नाव बरंच वर असतं.

वॉटर पंप काय करतो?

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये कुलंट सतत फिरवत ठेवणं, एवढंच त्याचं काम. पंपाच्या दांड्याच्या आतल्या टोकाला पंख्यासारखं चाक असतं आणि बाहेरच्या टोकाला पुली. ही पुली इंजिनच्या बेल्टवर फिरते. दांडा सरळ राहावा म्हणून बेअरिंग असतं आणि कुलंट बेअरिंगपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये सील असतं.

पंप खराब होतो तो बहुधा या सीलमुळे. सील झिजलं की कुलंट झिरपतं. ते बाहेर पडावं म्हणून पंपाच्या अंगावर मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. तिथून पाणी येऊ लागलं की सील गेलं असं समजावं. ते भोक एम-सील लावून बुजवू नका. आत अडकलेलं कुलंट बेअरिंग खाऊन टाकतं.

वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी टाकलेल्या गाड्यांत हे लवकर होतं. जड पाण्यातले क्षार साचतात, कुलंटमधली गंजरोधक द्रव्यं नसल्यामुळे गंज धरतो आणि ते कण सीलला घासतात.

गळती पंपाचीच आहे ना?

इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन पाहा. पुलीच्या मागे, पंपाच्या खालच्या बाजूला वाळलेल्या कुलंटचे रंगीत किंवा पांढुरके ओघळ असतील, तर पंपावर संशय पक्का. पुली हाताने हलवून पाहा. ती डगडगत असेल किंवा इंजिन चालू असताना तिथून घरघर येत असेल, तर बेअरिंगही गेलं आहे. मात्र आधी होजपाइपांचे क्लॅम्प आणि रेडिएटरच्या कडा तपासा. पन्नास-शंभर रुपयांच्या क्लॅम्पसाठी पंप बदलला जाऊ नये.

घरी करायचं की नाही, हे बेल्टवर ठरतं

काही गाड्यांत पंप बाहेरच्या बेल्टवर, म्हणजे अल्टरनेटर फिरवणाऱ्या बेल्टवर चालतो. अशा गाडीत पान्यांची सवय असलेल्या माणसाला हे काम घरी जमतं.

काही गाड्यांत तो आतल्या टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे हात घालू नका. तो बेल्ट बसवताना एक दात जरी चुकला तरी इंजिनचा मेळ बिघडतो, आणि बऱ्याच इंजिनांत मेळ फार बिघडला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. हे काम मेकॅनिककडे द्या आणि त्याच वेळी टायमिंग बेल्टही बदलून घ्या. मजुरी तीच पडते.

आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा सुट्या भागांच्या दुकानात कळेल.

काय लागेल?

नवा पंप आणि त्याचं गॅस्केट किंवा ओ-रिंग, कंपनीने सांगितलेलं कुलंट, पाना सेट, शक्यतो टॉर्क पाना, पसरट भांडं, प्लॅस्टिकची खरवडणी. गाडी उचलावी लागणार असेल तर जॅकवर विसंबून खाली जाऊ नका. खाली स्टँड लावा आणि चाकांना उटी द्या.

कृती

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. या बंद यंत्रणेत साधारण १ बार जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडताच दाब जातो, पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर उसळते.

२. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक सुरू होतो.

३. कुलंट भांड्यात काढून घ्या आणि लगेच झाका. ते चवीला गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विषारी आहे. गटारात ओतू नका. गॅरेजमध्ये नेऊन द्या.

४. बेल्टचा मार्ग फोनवर टिपून ठेवा. पुलीचे बोल्ट वेगळे असतील, तर बेल्ट घट्ट असतानाच ते सैल करा. बेल्ट निघाल्यावर पुली गरगरा फिरते.

५. बेल्ट, पुली आणि मग पंपाचे बोल्ट काढा. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून जिथला बोल्ट तिथे खोचून ठेवा. पंप चिकटला असेल तर रबरी हातोडीने हलके ठोका. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका.

६. जुनं गॅस्केट पूर्ण खरवडा. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला, तर नवा पंपही तिथूनच गळेल.

७. जुना आणि नवा पंप शेजारी ठेवून भोकं, चाकाचा आकार आणि पात्यांची दिशा जुळवून पाहा.

८. नवा पंप बसवा. ओ-रिंग असेल तर तिला फक्त थोडं कुलंट लावा. सिलिकॉन मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच. सगळे बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. पक्का आकडा मॅन्युअलचाच धरा. जास्त जोर लावला की ॲल्युमिनियममधले आटे जातात.

९. बेल्ट मोजून ताणा. अति ताणलेला बेल्ट नव्या पंपाचं बेअरिंग लवकर खातो.

हवा काढायला विसरू नका

कुलंट घट्ट स्वरूपात असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. तयार मिश्रणात पाणी घालू नका. कुलंट हळूहळू भरा. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तिथून सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. बॅटरीची तार जोडा, झाकण लावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा आणि तापमानाच्या काट्यावरून नजर हटवू नका. थोड्या वेळाने रेडिएटरचा वरचा पाइप गरम झाला आणि हीटरमधून गरम हवा आली, की कुलंट फिरू लागलं आहे. काटा वर चढतोय पण हीटरची हवा थंडच असेल, तर आत हवा अडकली आहे. इंजिन लगेच बंद करा. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पाहून कुलंट भरा आणि पुन्हा तपासा.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा. सकाळी तो कोरडा असेल तर काम झालं. पुढचे काही दिवस इंजिन थंड असताना पातळी पाहत राहा आणि लगेच घाट चढायला निघू नका.

गळत्या पंपावर गाडी चालवली तर?

रोज पाणी भरून गाडी चालते, पण सील एका चढावर पूर्ण जाऊ शकतं. मग इंजिन तापतं, हेड वाकतं, हेड गॅस्केट फुटतं, आणि पंपाच्या कित्येक पट खर्च उभा राहतो. रस्त्यात काटा लाल पट्टीकडे गेला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. टोइंग व्हॅन बोलवा. तिचं भाडं इंजिनच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडतं.