सभेत उभे राहताना हातात एक आकडा असावा

वस्तीचा रस्ता, नळाचे पाणी, दिवाबत्ती या विषयांवर घरी तावातावाने बोलणारी आपली माणसे ग्रामसभेत मात्र मागच्या रांगेत बसतात. हजेरीपत्रकावर सही करून गुपचूप घरी येतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अनेक गावांत हे चित्र दिसते. ‘आम्हाला भाषण जमत नाही’, असे कारण सांगितले जाते. परंतु ग्रामसभेत भाषण कोणी मागतच नाही. तेथे लागतो एक नेमका प्रश्न.

१७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत पं. नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी अचानक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, आपली पाळी उद्या येईल असे वाटले होते, आज तयारी नाही, असे बाबासाहेबांनी सभागृहाला मोकळेपणाने सांगितले. शिवाय वेळेची मर्यादा दहा मिनिटांची होती. तरीही त्यांनी ठरावातील उणिवेवर बोट ठेवले : ठरावात हक्क सांगितले आहेत, पण ते हक्क मिळवून देणारा उपाय सांगितलेला नाही. आयुष्यभराचा अभ्यास पाठीशी होता, म्हणून आयत्या वेळी शब्द अडले नाहीत.

आपला अभ्यास लहान असला तरी चालेल, पण तो पक्का हवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची असते. आपल्या गावात ती किती झाली, कशावर खर्च झाली, शिल्लक किती? सभेआधी पंचायतीच्या दप्तरात जाऊन हे तीन आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. हातात आकडा असला की आवाज आपोआप स्थिर होतो. ऐकणाऱ्यालाही तुमच्या चेहऱ्याकडे नव्हे, आकड्याकडे पाहावे लागते.

बोलणे किती आटोपशीर असावे, हे आपल्या जुन्नरच्या लेण्यांनीच शिकवावे. मानमोडीच्या डोंगरात चंद नावाच्या एका यवनाने लेण्याचे द्वार दान दिल्याचा शिलालेख आहे. दाता कोण, त्याने काय दिले, एवढेच त्यात आहे. लेख एका ओळीत संपतो. सुमारे दोन हजार वर्षे झाली, तरी त्याचे म्हणणे आपल्याला कळते! आपणही तीनच वाक्ये ठरवावीत : मी कोण, माझा प्रश्न काय, मला काय हवे. पहिले वाक्य पाठ असावे, कारण पाय लटपटतात ते पहिल्याच वाक्याला. कोणी मध्येच तोडले तर वाद घालू नये. तोच प्रश्न त्याच शब्दांत, शांतपणे पुन्हा विचारावा. शेवटी ‘हा प्रश्न व त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवा’ असे सांगून मगच खाली बसावे. तोंडी आश्वासन वाऱ्यावर जाते. नोंद पुढच्या सभेत वाचून दाखवता येते.

ही सवय घरातून व विहारातून लागते. रविवारी वंदना झाल्यावर एकाने दोन मिनिटे उभे राहून बोलावे, इतरांनी ऐकावे. आज शाळकरी मुलगी, पुढच्या रविवारी तिची आजी. हसण्यावारी नेणाऱ्याची पाळी त्याच्या पुढच्या रविवारी लावावी!

भगिनींनी तर मुळीच मागे राहू नये. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपदी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या काळात हजारोंच्या सभेपुढे स्त्रिया बोलल्या. आज तर ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे. तिथे प्रश्न मांडून पाहावा, म्हणजे मोठ्या सभेत तो दुसऱ्यांदा विचारायचा असतो आणि भीती निम्मी झालेली असते.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की आपल्या घरातून कोण उभे राहणार, हे त्याच दिवशी जेवताना ठरवा. आणि कागदावर तो एक आकडा लिहून घ्या.