पंप सापडला, पण आमचा कोणता?

आज जरा आमच्याच फजितीपासून सुरुवात करते.

आमच्या गटात आम्ही अकरा जणी. पावसाळा सरला की पऱ्याच्या कडेला मुळा, माठ, चवळी, मिरची असं करतो आणि राजापूरच्या बाजारात विकतो. पाणी डोक्यावरून वाहून माना मोडल्या, तेव्हा गटाच्या कर्जातून पेट्रोलवर चालणारा पंप घेतला. 18,000 रुपयांचा. पहिला महिनाभर आम्ही तो रोज संध्याकाळी पाळीपाळीनं घरी आणत होतो. मग कंटाळा आला. बागेतल्या मांगरात गोणपाटाखाली झाकून ठेवायला लागलो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी गोणपाट तिथंच होतं, पंप नव्हता.

तक्रार दिली. दोन महिन्यांनी पोलिसांचा निरोप आला, काही पंप सापडलेत, ओळखायला या. आम्ही पाच जणी गेलो. आवारात पाच पंप ओळीनं मांडलेले. त्यातले तीन एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच रंगाचे. "ताई, तुमचा कोणता?" एक म्हणाली हा. दुसरी म्हणाली तो. आमच्या पंपाच्या दांड्याला सुंभ बांधलेलं होतं, पण चोर सुंभ कशाला ठेवतोय? बिल काढलं, तर बिलावर नुसतं लिहिलेलं, "पंप, नग 1". आम्ही अशा उभ्या असतानाच एक गृहस्थ आले, चौथ्या पंपाकडे गेले, तो आडवा केला आणि खालच्या पट्टीवर ठोकलेले आकडे दाखवले. तेच आकडे त्यांच्या वहीत होते, वहीला बिल टाचलेलं होतं. त्यांचं काम दहा मिनिटांत झालं. आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. त्या तिघांतला एक आमचा असेल, नसेल. कर्ज मात्र आमचंच होतं, ते व्याजासकट फेडलं, आणि फेडेपर्यंत डोक्यावरून पाणीही वाहिलं.

त्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली. चोरी झालेली वस्तू सापडणं वेगळं आणि ती परत मिळणं वेगळं. पोलिसांनी पकडलेली वस्तू हा मुद्देमाल असतो, आणि तो कोणाला द्यायचा हे न्यायालय ठरवतं. मालक कोण हे कळलं तर त्याच्या ताब्यात देतात. कळलं नाही तर न्यायालय जाहीर करतं की ज्याची असेल त्यानं सहा महिन्यांत येऊन हक्क सांगावा, आणि कोणीच हक्क शाबीत केला नाही तर वस्तू सरकारजमा होऊ शकते. जुन्या कायद्यात हेच होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हेच आहे. मालकी शाबीत झाली तर वस्तू वर्षानुवर्षं ठाण्यात गंजत ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून, हमी लिहून घेऊन लवकर परत द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 सालीच सांगितलेलं आहे. म्हणजे वाट आहे. फक्त "ही माझी" हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या. खरंच आहे. घरातला जुना हंडा, घंगाळ, परात उलटी करून बघा. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव सापडेल, कधी गावाचं, कधी सालही. भांड्याच्या दुकानात आजही मशीननं नाव घालून देतात. गावकीच्या भांड्यांवर देवस्थानचं नाव असतं, म्हणून दहा लग्नं फिरून टोप परत देवळात येतो. आंब्याच्या पेटीवर बागायतदार आपला मार्का मारतो, वाशीच्या बाजारात हजारो पेट्यांत त्याची पेटी ओळखू येते. धनगर मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. मुंबईच्या डबेवाल्यांचं तर सगळं काम खुणेवरच चालतं. महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली ते सुरू केलं तेव्हापासून डबा सकाळी जातो आणि दुपारी रिकामा त्याच घरी परत येतो. झाकणावर रंगानं काढलेली चार अक्षरं आणि आकडे, बस्स.

गंमत अशी की घरातल्या वाटीवर नाव असतं आणि बाहेर उघड्यावर राहणाऱ्या महागाच्या वस्तूंवर काही नसतं. पंप, फवारणीचा पंप, गवत कापायचं मशीन, आंब्याचे क्रेट, पाण्याची टाकी, कोयती, पारय, कुदळ, सायकल, सगळं बेवारशासारखं पडलेलं. चोरालाही तेच बरं वाटतं. नाव नसलेली वस्तू लगेच विकता येते. नाव असलेली विकताना घेणारा विचारतो, "हे कोणाचं?"

मग खूण कोणती करायची? नुसतं नाव पुरत नाही. आमच्याच पंचक्रोशीत एका नावाच्या सहा जणी निघतील. आधार नंबर तर चुकूनही कोरू नका, तो चारचौघांत मिरवायचा नंबर नव्हे. मोबाईल नंबर बदलतो. आम्ही बरंच डोकं खाजवून पिन कोड धरला. राजापूरचा 416702. त्यापुढे गटाचा ठरवलेला आकडा आणि मग वस्तूचा अनुक्रमांक. पंप कुठल्याही जिल्ह्यात सापडला तरी पिन कोडवरून पोस्ट सांगेल की हा राजापूरचा. इंग्लंडमध्ये लोक असंच पोस्टाचा नंबर आणि घर नंबर वस्तूंवर घालतात.

आकडेच घेण्याचं दुसरं कारण खर्चाचं आहे. लोखंडी सामानाच्या दुकानात ठोकायचे पंच मिळतात. अक्षरांचा संच मोठा आणि महाग, आकड्यांचा स्वस्त. आणि आकडे दहा असले तरी संचात पंच नऊच असतात. आम्ही दुकानदाराशी भांडायला निघालो होतो, एक कमी दिलात म्हणून! सहाचा पंच उलटा धरला की नऊ होतो, म्हणून नऊ. पण त्यामुळेच घोळही होतो. वस्तू उलटी धरली की 6 चा 9 वाचतात. म्हणून आम्ही प्रत्येक नंबराच्या खाली एक आडवी रेघ मारतो, रेघ ती खालची बाजू.

ठोकायची पद्धत सांगते. वस्तूखाली भक्कम आधार हवा, ऐरण नाहीतर चांगला कातळ. पंच सरळ उभा धरायचा आणि एकच जोरकस घाव. दोन घाव घातले की आकडा दुहेरी उमटतो. आधी भंगारातल्या पट्टीवर हात बसवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपची उडते. कोयतीच्या धारेजवळ ठोकू नका, तिथलं पोलाद कडक केलेलं असतं, ते तडकतं. मुठीकडच्या अंगाला ठोका. त्याहून बरं म्हणजे नवी कोयती करायला टाकताना लोहारालाच सांगावं, तो लोखंड लाल असतानाच नंबर उठवून देतो. पंपाच्या ओतीव भागावर हातोडा घालायचा नाही, बिड फुटतं. खालच्या लोखंडी पट्टीवर ठोका किंवा भांडेवाल्याच्या मशीननं कोरून घ्या. कंपनीच्या नंबराची पट्टी मात्र जशीच्या तशी राहू द्या, ती खरवडली तर संशय आपल्यावरच येईल. आणि गॅसच्या सिलिंडरला ठोकणं, कोरणं काही करायचं नाही, लांबूनसुद्धा नाही.

लाकडी दांड्याला तापवलेल्या सळीनं डाग द्या. प्लास्टिकच्या क्रेटला आणि टाकीलाही गरम सळी चालते, टाकीला अगदी वरवर आणि काठावर, नाहीतर भोक पडेल. हे काम अंगणात करा, तो धूर वाईट.

ठोकलेल्या नंबराचा एक मोठा गुण आहे. चोरानं कानस मारून तो घासला, तरी घावानं आतलं लोखंडही दबलेलं असतं. न्यायसहायक प्रयोगशाळेत रसायन लावून असे पुसलेले आकडे पुष्कळदा पुन्हा वाचता येतात. रंगाचं तसं नाही, रंग खरवडला की गेला. पण रंग लांबून दिसतो. म्हणून दोन्ही करा, एक खूण चोराला दिसेल अशी, एक फक्त आपल्याला ठाऊक असलेल्या जागी. आमच्या गटानं दांड्यांना पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा दिलाय. त्याचा एक फायदा आधी सुचलाच नव्हता. गवतात विसरलेली कोयती पिवळ्या पट्ट्यामुळे पटकन सापडते.

आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. हरवलेलं सगळं चोरीला गेलेलं नसतं. निम्मं तर शेजारी जातं, लग्नकार्यात अदलाबदल होतं, पावसात वाहून जातं. आमच्या वाडीत एका घंगाळापायी दोन घरांचं बोलणं सात वर्षं बंद होतं. साखरपुड्याला नेलेलं घंगाळ परत आलं ते दुसरंच, असं एकीचं म्हणणं. मी दिलं तेच दिलं, असं दुसरीचं. नाव कशावरच नव्हतं. शेवटी ते तिसऱ्याच घरी माळ्यावर सापडलं, तोवर त्या घरातल्या म्हाताऱ्या आजी दुसरीच्या मनात चोर ठरूनच गेल्या होत्या. अर्जुना आणि कोदवली नद्यांचं पाणी बाजारात शिरतं तेव्हाचं तर विचारू नका. पिंपं, टाक्या, पाट्या कुठल्या कुठे जाऊन लागतात. ज्याला सापडतं तो प्रामाणिक असला तरी द्यायचं कोणाला?

नुसती खूण करून मात्र भागत नाही, ती वहीत हवी. आमच्या गटाच्या दप्तरात आता एक वेगळी वही आहे. वस्तू, आमचा नंबर, कंपनीचा नंबर, घेतल्याची तारीख, आणि बाजूला बिल चिकटवलेलं. दुकानदाराला बिलावर मशीनचा नंबर लिहायला लावायचाच, त्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. प्रत्येक वस्तूचे दोन फोटो, एक पूर्ण, एक खुणेचा जवळून. सायकलचा नंबर ती उलटी केली की पेडलच्या मधोमध खाली बहुधा सापडतो. मोबाईलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की 15 आकडी नंबर येतो, तोही वहीत घ्या, फोन हरवला तर संचार साथीच्या संकेतस्थळावर त्याच नंबरानं तो बंद करता येतो. वस्तू विकली तर जुनी खूण खोडू नका. तिच्यावर एक रेघ, शेजारी नव्या मालकाची खूण, आणि विकल्याची चिठ्ठी.

गुराढोरांचं काम सरकारनंच करून ठेवलंय. कानातला पिवळा बिल्ला, त्यावरचा 12 आकडी नंबर हीच त्या जनावराची ओळख. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करायची नाही असा नियम झालाय. पण बिल्ला नुसता टोचून उपयोग नाही. नोंद कोणाच्या नावावर आहे? गाय घेतली की पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नोंद आपल्या नावावर करून घ्या. आणि बिल्ला कान फाटून पडला तर नवा मारून घ्या, म्हणजे गाय हरवल्यावर धावपळ नको.

नावावरून आठवलं. आमच्या एकीनं स्वतःच्या भाजीच्या पैशातून फवारणीचा पंप घेतला आणि दुकानात नवऱ्याचं नाव घालून आली. का गं, विचारलं, तर म्हणे सवय. भांड्यावर त्यांचंच घालतात ना! मी म्हटलं, पंप कोणाच्या पाठीवर असतो? बिलही तिनं त्यांच्याच नावावर केलेलं. उद्या काही झालं तर पंप आपला आहे हे दाखवणं हिलाच अवघड जाईल.

या खुणेला मर्यादा आहेत, त्याही सांगते. तांब्याच्या वायरीला खूण टिकत नाही, चोर वरचं आवरण जाळतो आणि आतलं तांबं भंगारात देतो. वायर सुटी करून घरी आणणं हाच उपाय. बंद घरांतली तांब्या-पितळेची भांडी ठोकून चपटी करून विकतात. त्यासाठी आम्ही ओळखीच्या भंगारवाल्यांना भेटून गटाची खूण कागदावर लिहून दिली. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हाही गुन्हा आहे, हे हसत हसत सांगितलं. त्यांनाही भानगड नकोच असते.

खुणेचा बोभाटाही करायला हवा. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये 1980 च्या दशकात तीन गावांत घरोघरी वस्तूंवर खुणा केल्या आणि दारावर तसा स्टिकर लावला. भाग घेतलेल्या घरांत चोऱ्या घटल्या. पुढे अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आलं की गावभर आणि वर्तमानपत्रात त्याची चर्चा झाली, त्याचा वाटा मोठा होता. आम्ही वाडीच्या तिठ्यावर पाटी लावलीय: "या वाडीतल्या वस्तूंवर नंबर ठोकलेले आहेत आणि त्यांची नोंद आहे." अक्षर माझं, थोडं वाकडं आहे.

एवढं करूनही वस्तू गेलीच, तर त्याच दिवशी तक्रार द्या. कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही, आणि नोंदवलेल्या गुन्ह्याची प्रत फुकट मिळते. तक्रारीत वस्तूचा आणि खुणेचा नंबर लिहिलाय का, आणि लपवलेली खूण कुठे आहे तेही आलंय का, हे सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणावं, तसा आपला हक्क आहे.

नऊ पंचांचा एक संच सगळ्या वाडीला पुरतो. आमचा सध्या खालच्या वाडीत गेलाय. पंच ठेवलेल्या डब्यावरही नंबर घातलाय, 416702, मग आमचा गट, आणि शेवटी 1.