बोटांना घाई नको!

बालमित्रांनो, वाचता वाचता एक गंमत करून बघा. हात टेबलावर उपडा ठेवा. मधलं बोट आत दुमडून घ्या आणि बाकीची बोटं पसरून टेकवा. आता अंगठा उचला. उचलला? तर्जनी उचला. करंगळी उचला. शाब्बास! आता अनामिका, म्हणजे आपण अंगठी घालतो ते बोट, उचला बरं.

नाही ना उचलत? माझ्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा अर्ध्या मुलांना वाटलं, सरांनी काहीतरी जादू केली!

जादू कसली? बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपर आणि मनगट यांच्या मधे. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत येतात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्याच म्हणा ना! अनामिकेची दोरी शेजारच्या बोटांच्या दोऱ्यांना जोडलेली असते. मधलं बोट अडकलं की तीही अडकते. म्हणूनच गिटार किंवा पेटी शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास देतं ते हेच बोट, आणि तिची धाकटी बहीण करंगळी.

आपल्या कंधारकडे गिटारपेक्षा पेटी ओळखीची. भजनात ती असते, माळेगावच्या यात्रेत लावणीच्या साथीलाही असते. पेटीवाल्याची बोटं कशी भराभर पळतात! गिटारमध्येही तसंच असतं. गाण्याच्या मधे एक गिटार पुढे येऊन एकेक स्वर भरभर वाजवते, तिला लीड गिटार म्हणतात. आपल्या गाण्यातली तान असते ना, तसंच काहीसं.

हा वेग येतो कुठून? मीसुद्धा एकदा चुकीच्या ठिकाणी शोधला होता. डी.एड.ला असताना स्नेहसंमेलनात गिटार वाजवायचं ठरलं. हातात पंधरा दिवस होते. मी पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगात वाजवायला लागलो. रोज तीन-तीन तास! चूक झाली की थांबायचं नाही, पुढे पळायचं. दहाव्या दिवशी मनगट ठणकू लागलं. तरी ऐकलं नाही. बाराव्या दिवशी पाण्याचा तांब्या उचलेना. डॉक्टरांनी हाताला पूर्ण विश्रांती सांगितली, आणि संमेलनाच्या दिवशी मी प्रेक्षकांत बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. त्याही हळूच!

दोन चुका झाल्या होत्या. एक तर शरीराचं ऐकलं नाही. दुसरी म्हणजे चुकांचाच सराव केला. आपला मेंदू भोळा असतो. जे पुन्हा पुन्हा कराल ते तो पक्कं करतो, मग ते बरोबर असो की चूक. ‘सात सक्कं चव्वेचाळीस’ असं शंभरदा म्हटलं तर तेच पाठ होणार ना? बोटांचंही तसंच. म्हणून वेग हवा असेल तर आधी हळू वाजवा, पण बरोबर वाजवा.

आता सराव बघू या. डाव्या हाताच्या तर्जनीला १ म्हणा, मधल्याला २, अनामिकेला ३ आणि करंगळीला ४.

सराव पहिला : कोळ्याची चाल

गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. सर्वात जाड तारेवर पाचव्या फ्रेटपाशी १ ठेवा, सहाव्याला २, सातव्याला ३, आठव्याला ४. तिथे पट्ट्या जवळजवळ असतात, त्यामुळे लहान हाताला ताण पडत नाही. एकेक बोट दाबत १-२-३-४ वाजवा. मग पुढची तार. सहा तारा झाल्या की चोवीस स्वर झाले. येताना ४-३-२-१. पुढचं बोट दाबलं तरी मागचं लगेच उचलायचं नाही. आणि उचलाल तेव्हा हरभऱ्याच्या दाण्याएवढंच उचला. बोट जितकं वर जाईल तितका परत यायला वेळ जास्त. वेगाचं अर्धं गुपित इथेच आहे!

उजव्या हातातल्या पिकने एक स्वर वरून खाली, दुसरा खालून वर, असं आळीपाळीने छेडायचं.

सराव दुसरा : गणिताचा

१, २, ३, ४ हे अंक किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतील? पहिल्या जागेसाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी तीन, मग दोन, मग एक. ४ × ३ × २ × १ = २४. वहीत सगळे लिहून काढा. रोज एक क्रम घ्या. १-३-२-४ सोपा वाटेल, १-४-३-२ अवघड. ज्यात ३ आणि ४ लागोपाठ येतात तिथे अनामिका-करंगळीची जोडी रुसेल. तिच्याकडेच जास्त लक्ष द्या.

सराव तिसरा : पलटे

हा पेटीवाल्यांकडून घेतलेला. सर्वात बारीक तार मोकळी छेडली की तो ‘सा’ समजा. दुसऱ्या फ्रेटला रे, चौथ्याला ग, पाचव्याला म, सातव्याला प, नवव्याला ध, अकराव्याला नी आणि बाराव्याला वरचा सा. बाराव्या फ्रेटला तार बरोबर अर्धी होते, म्हणून तिथे वरचा सा मिळतो. आता वाजवा : सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसा. मग उलटे या. गिटार नसेल तर पेटीवर वाजवा. जालन्याजवळच्या जळगाव या खेड्यात १९२२ साली जन्मलेले अप्पा जळगावकर आपल्या मराठवाड्याचेच. त्यांनी पंडित भीमसेन जोशींसारख्या थोर गायकांना पेटीची साथ केली.

वेग मोजायचा कसा?

भिंतीवरचं घड्याळ आहे ना? त्याचं टिकटिक म्हणजे मिनिटाला बरोबर ६० ठोके. फुकटचा गुरुजी! आधी एका टिकेला एक स्वर. पहिल्या सरावाचे चोवीस स्वर चोवीस सेकंदांत होतील. लागोपाठ तीनदा बिनचूक जमलं, तरच एका टिकेत दोन स्वर. मग तीन, मग चार. चारपर्यंत पोचलात की तेच चोवीस स्वर सहा सेकंदांत! आपल्याकडे यालाच दुगुन, तिगुन, चौगुन म्हणतात. एक पायरी चढायला एक आठवडा लागो की एक महिना, चूक झाली की मुकाट्याने खालच्या पायरीवर यायचं.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा हे बरं, कारण दिवसा शिकलेलं रात्री झोपेत पक्कं होतं.

आई-बाबांसाठी थोडंसं : सुरुवातीला तारेने बोटांची टोकं दुखतील. तिथली कातडी घट्ट झाली की ते थांबतं. पण मनगट किंवा कोपर दुखलं तर सराव लगेच बंद करायला सांगा. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान तरुणपणी मोठा पियानोवादक व्हायला निघाला होता. उजव्या हाताचं बोट कायमचं बिघडलं आणि ते स्वप्न सुटलं. अतिसराव आणि बोटांना ताण देणारं एक यंत्र यांमुळे हे झालं, असं सांगतात. पुढे तो थोर रचनाकार झाला, पण वादक राहिला नाही.

आणि मुलांनो, आपली बोटं आखूड आहेत, वळत नाहीत, असं म्हणून रडू नका. जँगो राइनहार्ट नावाचा गिटारवादक होता. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याने उरलेल्या दोन बोटांनी नव्याने, अगदी पहिल्यापासून सराव केला. त्या दोन बोटांच्या वेगवान ताना आजही जगभरचे गिटारवाले ऐकून ऐकून शिकतात.

आपल्याकडे तर चारही बोटं आहेत. ऐका, घड्याळ टिकटिक करतंय. चला, एका टिकेला एकच स्वर!